बाबासाहेबांच्या फोटोमागे तेजोवलय कुणी लावले?

गेल्या वर्षी मार्च महिन्यात निफाडच्या आमच्या रविवारच्या वर्गात अकरावीचा एक विद्यार्थी लॅपटॉप घेऊन आला. त्याचे वडील लासलगावला कांद्याच्या खळ्यावर हमाली करतात. जयंतीला जेमतेम महिना उरला होता आणि त्याने स्टेटससाठी पंचवीस सेकंदांचा व्हिडिओ तयार केला होता. अंधारातून सोनेरी कण उडत येतात, ढग फाटतात, मधून प्रकाशाची तिरीप पडते आणि बाबासाहेब प्रकट होतात. डोक्यामागे फिरते तेजोवलय, खाली सोन्याच्या अक्षरांत 'महामानव'. पोरांनी टाळ्या वाजवल्या. आम्हीही वाजवल्या, खोटे कशाला बोला.

मग आम्ही म्हणालो, फाईल उघड, कसे केलेस ते आम्हालाही कळू दे. त्याने आफ्टर इफेक्ट्समध्ये प्रोजेक्ट उघडले. खाली लेयर्सची यादी दिसली. बाबासाहेबांचा फोटो ज्या लेयरमध्ये होता, त्या लेयरचे नाव होते 'गॉड इमेज झिरो वन'.

पोरगा ओशाळला. त्याने काही लपवले नव्हते. नेटवरून टेम्पलेट उतरवले, देवाचा फोटो काढला, बाबासाहेबांचा टाकला, नाव बदलले, रेंडर केले. गावोगावी असेच चालते. त्या मुलाला दोष देण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. उलट, त्याच्या त्या फाईलने आम्हाला जे दाखवले ते आम्हाला समाजशास्त्राच्या एम.ए.च्या दोन वर्षांत कुठल्या पुस्तकाने इतक्या सरळ दाखवले नव्हते. तेजोवलय त्याने लावलेच नव्हते. ते आधीच लावलेले होते. कुणीतरी दूरवर बसून देवाच्या उत्सवासाठी जागा आखली होती आणि आमच्या पोराने त्या आखलेल्या जागेत आपला बाप बसवला.

चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत आता एलईडी पडद्याची गाडी असते. पिंपळगाव असो, ओझर असो, विंचूर असो, वर्गणीतला मोठा वाटा डीजेला आणि या पडद्याला जातो. पडदेवाल्याच्या पेन ड्राइव्हमध्ये फिरणारी चक्रे, ज्वाळा, पडणारी फुले आणि चमकणारे त्रिकोण असतात. तेच गणपतीत चालतात, तेच लग्नाच्या वरातीत चालतात, तेच आमच्याकडे. फक्त मधला फोटो बदलतो आणि रंग निळा होतो. वर्षातून एक रात्र अख्खा तालुका आमच्या पडद्याकडे बघतो. त्या रात्री सांगायला आमच्याकडे दुसऱ्याचे फिरते त्रिकोण असतात.

आम्हाला विचारले जाते, चळवळीसमोर इतके प्रश्न असताना तुम्ही ॲनिमेशन काय शिकवत बसलात? शिष्यवृत्ती अडकली आहे, अत्याचाराच्या केसेस आहेत, तुम्ही कीफ्रेम मोजताय. आमचे उत्तर सोपे आहे. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला तेव्हाही समाजासमोर प्रश्न कमी नव्हते. 'केसरी'ने पैसे देऊनही त्याची जाहिरात छापली नाही, हे चळवळीत सर्वांना ठाऊक आहे. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले आणि पाक्षिक सुरू झाले. पुढे १९२७ ला 'बहिष्कृत भारत', १९३० ला 'जनता', १९५६ ला 'प्रबुद्ध भारत'. बाबासाहेबांनी नुसती पत्रे काढली नाहीत, छापखानाही उभा केला. दुसऱ्याच्या छापखान्यात आपला मजकूर किती दिवस छापून मिळणार, हे त्यांना कळत होते.

आणखी एक गोष्ट फार कमी बोलली जाते. १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना बाबासाहेबांनी सरकारला अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे एक निवेदन दिले. त्यात विज्ञान आणि तंत्रशिक्षणासाठी वेगळ्या शिष्यवृत्त्या मागितल्या आहेत. नुसते वकिली आणि कला शाखेचे पदवीधर होऊन समाजाचे भागणार नाही, असा त्यांचा रोख होता. सरकारी छापखाने आणि रेल्वेचे वर्कशॉप यांत आपल्या मुलांना उमेदवार म्हणून घ्या, कसब शिकू द्या, अशीही मागणी त्यात होती. छापखाना हे त्या काळातले नवे, चांगल्या पगाराचे, अक्षराशी संबंध असलेले तंत्र होते. आज ते काम संगणकाच्या पडद्यावर होते. म्हणून आम्ही कीफ्रेम मोजतो.

आता हे तंत्र आमच्यासाठी परके आहे का? अजिबात नाही. ते आमच्या जिल्ह्यातच वाढले. दादासाहेब फाळके १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मले, नाशिकला त्यांनी कंपनी चालवली आणि १९४४ साली नाशिकलाच वारले. १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' सगळ्यांना माहीत असतो. पण त्याच्या आधी १९१२ साली फाळक्यांनी एक वेगळाच छोटा चित्रपट केला होता. कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा लावला आणि ठराविक वेळाने एकेक फ्रेम घेत राहिले. दाखवताना काही दिवसांची वाढ क्षणांत दिसली: माती फुटते, कोंब वर येतो, पाने उघडतात. भांडवल देणाऱ्याला पटवायला तो केला होता म्हणतात. आगकाड्या एकेक फ्रेमला थोड्या थोड्या सरकवून त्यांना जिवंत करणारा चित्रपटही त्यांनी केला. भारतातल्या ॲनिमेशनचा उगम शोधायला गेलो तर या वाटाण्यापाशी आणि या काड्यांपाशी यावे लागते.

पुढे फाळके पौराणिक चित्रपटांकडे गेले. 'लंका दहन', 'कालिया मर्दन'. दुहेरी छपाई, गायब होणे, आकाशात उडणे ही सगळी करामत त्यांनी चमत्कार दाखवण्यासाठी वापरली आणि त्यावरच धंदा उभा राहिला. त्यांची कारागिरी मोठी होती, ती नाकारण्याचे कारण नाही. पण आमच्या पोरांना आम्ही सांगतो, या तंत्राला पहिल्या दिवसापासून दोन वाटा फुटल्या आहेत. एक वाट डोळ्यांना न दिसणारी खरी गोष्ट दाखवते, कोंब कसा फुटतो ते. दुसरी वाट न घडलेली गोष्ट घडल्यासारखी दाखवते. दोन्हींना कॅमेरा तोच लागतो, हात तोच लागतो. ज्या बुद्धाने चमत्काराला धम्मात जागा दिली नाही, असे बाबासाहेबांनी ग्रंथ लिहून सांगितले, त्या बुद्धाच्या आणि त्या बाबासाहेबांच्या वाट्याला आम्ही यातली कोणती वाट द्यायची?

नाशिकला फाळके स्मारक ज्या डोंगराच्या पायथ्याशी आहे, त्या डोंगरावर त्रिरश्मी बौद्ध लेणी आहेत. सहलीची बस स्मारकापाशी थांबते आणि मुले 'पांडवलेणी' बघायला वर चढतात. भिंतीवर धम्मलिपीत कोरलेले आहे की ही लेणी भिक्षूसंघासाठी दान दिली. उषवदाताने तीन हजार कार्षापण विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवले, त्यांचे व्याज किती आणि ते भिक्षूंच्या कशावर खर्च करायचे, इतका काटेकोर हिशेब दगडावर आहे. पांडव कुठेच नाहीत. तरी नाव पांडवांचे पडले. लेखन होते, पण ते वाचणारे उरले नाहीत, म्हणून ज्याला नाव ठेवायची सवय होती त्याने नाव ठेवले. 'गॉड इमेज झिरो वन' आणि 'पांडवलेणी' यांत आम्हाला फार फरक दिसत नाही.

म्हणूनच आमच्या वर्गाने पहिले मोठे काम घेतले ते याच अक्षरांचे. धम्मलिपीतला 'क' देवनागरीतला 'क' कसा झाला, हे पडद्यावर दाखवायचे. ऐकायला दोन सेकंदांचे काम. लागले चार महिने.

हे काम एका मुलीने अंगावर घेतले. तिची आई द्राक्षबागांत टोळीबरोबर विरळणीला, डिपिंगला जाते. हंगामात घर, स्वयंपाक आणि धाकटा भाऊ या मुलीकडे. धम्मलिपीतला 'क' म्हणजे बेरजेचे चिन्ह. एक उभी रेघ, एक आडवी. तिने दोन्ही अक्षरे पेन टूलने काढली, पहिल्या सेकंदाला एक कीफ्रेम लावली, तिसऱ्या सेकंदाला दुसरी आणि प्ले केले. मध्ये जे दिसले ते अक्षर नव्हते, जिलबी होती. रेघा एकमेकींत गुंतल्या, पीळ पडला, मग झटकन 'क' उमटला. वर्ग हसला.

कारण साधे आहे, पण कुठल्याही टेम्पलेटमध्ये ते कळत नाही. एका आकारातून दुसरा आकार घडवताना सॉफ्टवेअर एका आकारावरचा बिंदू दुसऱ्यावरच्या बिंदूकडे नेते. पहिल्यात बारा बिंदू आणि दुसऱ्यात एकतीस असतील, किंवा पहिल्याचा आरंभबिंदू वर आणि दुसऱ्याचा खाली असेल, तर पीळ पडणारच. दोन्हींकडे बिंदू सारखे हवेत, त्यांचा क्रम सारखा हवा, आरंभ एकाच बाजूला हवा. ती मुलगी म्हणाली, "म्हणजे ठिपक्यांच्या रांगोळीसारखंच की, एक ठिपका चुकला की सगळी वाया." आम्ही तीन आठवडे जे समजावत होतो ते तिने एका वाक्यात पोरींना समजावले.

बिंदू जुळले, पीळ गेला, तरी आमचे समाधान होईना. कारण बेरजेच्या चिन्हापासून आजच्या 'क'पर्यंत सॉफ्टवेअरने जे मधले आकार दाखवले, तसा 'क' कुणीही कधीही लिहिला नव्हता. ते सॉफ्टवेअरचे गणित होते. इतिहासात अक्षर असे सरळ रेषेत सरकत नाही. सातवाहन-क्षत्रपांच्या काळात उभी रेघ लांबते, पुढे तिचे टोक वळते, आडवी रेघ वाकते, डावीकडे फुगवटा येतो, फार उशिरा डोक्यावर शिरोरेघ बसते. मग ठरले की मधल्या प्रत्येक टप्प्याला खऱ्या शिलालेखातला आकार शोधायचा, तो गिरवायचा आणि तिथे कीफ्रेम लावायची. दोन कीफ्रेममधली वळणे सॉफ्टवेअरची, पण कीफ्रेम पुराव्याशिवाय लावायची नाही. मुले डोंगरावर गेली, फोटो काढले, सकाळच्या तिरप्या उन्हात कोरीव अक्षर नीट दिसते आणि दुपारी दिसत नाही हे त्यांना तिथे कळले. लिपीशास्त्राच्या पुस्तकातले तक्ते काढले. एका आकारावरून दोन मुलांत चांगलेच भांडण झाले, हा कुठल्या शतकातला म्हणून. आम्हाला त्या भांडणाचा जेवढा आनंद झाला तेवढा व्हिडिओचाही झाला नाही.

आणि 'ठ'. सगळ्यांनी आपापले अक्षर निवडले, एका आळशी मुलाने 'ठ' निवडला, कारण धम्मलिपीतला 'ठ' हा नुसता गोल आहे आणि आजच्या 'ठ'चे पोटही गोलच आहे. दोन हजार वर्षांत त्याच्या डोक्यावर दांडी आणि शिरोरेघ आली एवढेच. त्याचे काम एका दिवसात झाले. पण मिरवणुकीत तो पडद्यावर आला तेव्हा सगळ्यात जास्त लोक त्याच अक्षराला थांबले. म्हातारी माणसे बोटाने हवेत गोल काढून बघत होती.

देवनागरीची अडचण इथे सांगितलीच पाहिजे, कारण ती पुष्कळांना छळते. आफ्टर इफेक्ट्समध्ये 'क्रांती' टाइप केले की पुष्कळदा अक्षर फुटते, पाय मोडलेला क् एकीकडे, 'रा' दुसरीकडे, 'प्रबुद्ध'चे तर तीन तुकडे. मग पोरे काय करतात, रोमन लिपीत लिहितात किंवा फोटोशॉपमधून अक्षरांचे चित्र करून आणतात. चित्र आणले की अक्षर अक्षर वेगळे हलवता येत नाही. उपाय सॉफ्टवेअरमध्येच आहे. प्रेफरन्सेसमध्ये टाइप नावाचा भाग आहे, त्यात टेक्स्ट इंजिन दक्षिण आशियाई आणि मध्यपूर्वेच्या भाषांसाठीचे निवडायचे, आणि फॉन्ट युनिकोड वापरायचा. 'मुक्त', 'बलू' असे चांगले मराठी फॉन्ट फुकट मिळतात. दोन क्लिकची गोष्ट, पण ती न कळल्यामुळे वर्षानुवर्षे आमच्या जयंतीच्या व्हिडिओंत बाबासाहेबांचे नाव मोडक्या अक्षरांत येत राहिले. हे सॉफ्टवेअर १९९३ साली अमेरिकेत निघाले. तिथल्या कारागिरांच्या डोळ्यांपुढे आपली जोडाक्षरे असण्याचे कारण नव्हते. ती आपल्याच डोळ्यांपुढे असायला हवीत.

आता आमची एक चूक. तेजोवलयाविरुद्ध आम्ही इतके पेटलो होतो की त्या जयंतीच्या आधीच्या बैठकीत आम्ही वस्तीत भाषण ठोकले. विभूतिपूजा, अंधश्रद्धा, ब्राह्मणी प्रतीके वगैरे. सत्तरी ओलांडलेली एक आजी उठून म्हणाली, "बाबा, आमच्या घरात दिवा नव्हता तव्हापासून त्यो फोटू हाये. त्याच्यामागं उजेड दिसला तर तुझं काय जातं?" आम्हाला उत्तर सुचले नाही. खरे तर आजही पूर्ण सुचलेले नाही. तिचा उजेड आणि टेम्पलेटवाल्याचा उजेड एक नाही. कॅलेंडरवाले, पोस्टरवाले, सिन्नरजवळच्या देशवंडीचे वामनदादा कर्डक आणि त्यांच्यासारखे गायक, यांनी ज्या प्रेमाने बाबासाहेब घराघरांत पोहोचवले, त्या प्रेमाला पुस्तकी काठीने मारायचा अधिकार आम्हाला नाही.

तरीही मागे हटता येत नाही. न्यायमूर्ती रानडे यांचा जन्म आमच्या निफाडचा, १८ जानेवारी १८४२ चा. त्यांच्या एकशेएकाव्या जयंतीला, १९४३ साली, बाबासाहेबांनी पुण्यात गोखले स्मारक सभागृहात भाषण केले. रानड्यांचे मोठेपण त्यांनी मोकळेपणाने सांगितले, आणि त्याच भाषणात राजकारणातल्या विभूतिपूजेवर कडक टीका केली. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत भक्तीचा धोका पुन्हा सांगितला. निफाडच्या माणसाच्या जयंतीला जे बोलले गेले ते निफाडच्या पोरांना ठाऊक नसावे, ही आमचीच कमतरता आहे. म्हणून आम्ही आता वस्तीत भाषण देत नाही. पर्यायी व्हिडिओ करतो आणि शेजारी शेजारी दाखवतो. त्या आजीला येवल्याचा व्हिडिओ आवडला. १३ ऑक्टोबर १९३५, काळ्या पडद्यावर नाशिक जिल्ह्याचा नकाशा, गावांचे ठिपके एकेक करून उजळतात, रेघा येवल्याकडे सरकतात, आणि शेवटी नुसते एक वाक्य, हिंदू म्हणून मरणार नाही या घोषणेचे. वीज नाही, ढग नाहीत. पोरांना वीज हवीच होती. "दादा, घोषणा झाली तेव्हा वीज पडली पाहिजे." पंधरा दिवस वाद घातला, मग त्यांनीच विजेचा लेयर बंद करून बघितला आणि तसाच ठेवला. आजी म्हणाली, "आमचं गाव कुठं हाये त्यात?" तिच्या माहेरचा ठिपका नव्हता. तो दुसऱ्या दिवशी टाकला.

एक नियम मात्र आम्ही वर्गात कडक ठेवला आहे. बाबासाहेबांचे ओठ हलवायचे नाहीत. जुन्या फोटोचे तुकडे करून, पार्श्वभूमी वेगळी काढून, कॅमेरा हळूच पुढे नेऊन खोली दाखवायची असेल तर जरूर दाखवा. पण पपेट पिनने किंवा एआयने त्यांना बोलायला लावायचे नाही. सध्या असे व्हिडिओ खूप फिरतात. बाबासाहेब आजच्या एखाद्या पक्षाला मत द्या म्हणतात, एखाद्या जातीला शिव्या देतात, आणि आमचीच माणसे 'जय भीम' लिहून पुढे पाठवतात. पडद्यावर त्यांचे वाक्य टाकायचे तर 'रायटिंग्ज अँड स्पीचेस'चा खंड आणि पान वहीत लिहिल्याशिवाय टाकायचे नाही. महाराष्ट्र शासन १९७९ पासून हे खंड काढते आहे, त्यांचा उपयोग कपाट सजवण्यापलीकडे व्हायला हरकत नाही.

एआय सगळे करून देते, मग शिकायचे कशाला, असा प्रश्न आता प्रत्येक पालक विचारतो. आम्ही एकदा सगळ्यांसमोर एआयला महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह काढायला सांगितला. मंदिराचा घाट आला, पाण्यात दिवे सोडलेले, आणि बाबासाहेबांसारखा दिसणारा माणूस हात जोडून उभा. यंत्राने जगभरातून जे पाहिले तेच परत दिले. आमचे त्याने फारसे पाहिलेलेच नाही. टेम्पलेटचीच ही पुढची पायरी. ज्याला हाताने येते त्याला निदान चूक कुठे आहे ते दिसते.

पैशाचे बोलायचे टाळून चालणार नाही, कारण आमच्या पोरांना यातून पोट भरायचे आहे. नाशिकमधल्या एका खाजगी क्लासने आमच्या ओळखीतल्या एका मुलाकडून वर्षाची फी आगाऊ घेतली. बापाने त्यासाठी कर्ज काढले. वर्षभर शिकवले काय, तर टेम्पलेटमधला मजकूर कसा बदलायचा. चित्रकला नाही, वेळेचे भान नाही, ग्राफ एडिटर उघडूनही दाखवला नाही. असे क्लास मान्यताप्राप्त नसल्याने तिथे शिष्यवृत्तीही लागू होत नाही. जे काम आपल्या मुलांना शहरात मिळते ते बहुधा रोटोस्कोपिंगचे: पडद्यावरच्या माणसाभोवती फ्रेमगणिक रेघ काढत बसायचे, एका सेकंदाला चोवीस वेळा. कष्ट मजुराचे, नाव कुठेच नाही. आणि तेही टिकेल याचा भरवसा नाही. 'लाइफ ऑफ पाय'ला २०१३ साली व्हिज्युअल इफेक्ट्सचे ऑस्कर मिळाले, तेव्हा ते इफेक्ट्स करणारी 'रिदम अँड ह्यूज' कंपनी दिवाळखोरीत निघालेली होती. तिचे स्टुडिओ मुंबई-हैदराबादलाही होते. २०२५ च्या फेब्रुवारीत टेक्निकलर समूह कोसळला आणि भारतातल्या त्याच्या स्टुडिओंत काम करणाऱ्यांवर गदा आली. ग्लॅमरच्या जाहिराती बघून बागा गहाण टाकणाऱ्यांनी हे आधी ऐकावे. आमच्याकडे तर गहाण टाकायला बागही नाही.

तरी काम आहे, आणि ते मुंबईतच आहे असे नाही. द्राक्ष निर्यात करणाऱ्यांना माहितीपट लागतात, शाळांना धडे लागतात, दवाखान्यांना लसीकरणाचे व्हिडिओ लागतात, शेतकरी कंपन्यांना फवारणीचे वेळापत्रक समजावायला हलती चित्रे लागतात. आमच्या दोन मुलांनी गेल्या ऑक्टोबर छाटणीच्या वेळी डाऊनी रोगावरचा दीड मिनिटाचा व्हिडिओ केला. पानाच्या खालच्या बाजूला बुरशी कशी वाढते ते त्यात दाखवले. ज्या बागेत त्यांच्या आया मजुरीला जातात, त्याच बागेच्या मालकाने पैसे देऊन तो घेतला. फार नव्हते, पण मालक त्या पोरांना 'अहो' म्हणाला. हे आम्ही मुद्दाम लिहितो आहोत.

सॉफ्टवेअर भाड्याने घ्यावे लागते, दर महिन्याला. चोरीची प्रत आमच्यातही होती. जयंतीच्या तीन दिवस आधी तिच्यासोबत आलेल्या व्हायरसने लॅपटॉप बसला आणि सगळे काम गेले, तेव्हापासून ती बंद. आता वर्गात आम्ही ब्लेंडर वापरतो, ते फुकट आणि मुक्त आहे. व्हिडिओ जुळवायला डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती आहे. २०२५ साली ज्या लाटव्हियन चित्रपटाला ॲनिमेशनचे ऑस्कर मिळाले तो 'फ्लो' ब्लेंडरमध्येच बनवलेला आहे, हे सांगितले की पोरांना फुकट वस्तूची लाज वाटायची थांबते. पहिले दोन महिने मात्र संगणक कमी आणि कागद जास्त. चेंडू उसळवून दाखवायचा, वर जाताना मंदावतो, खाली येताना वेग धरतो, जमिनीला टेकताना चपटा होतो. ते हाताने वहीच्या कोपऱ्यात काढून पानांची फडफड करून बघायची. ज्यांच्या शाळेत चित्रकलेचे शिक्षकच नव्हते, एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा ज्यांनी ऐकल्याही नव्हत्या, त्यांना इथूनच सुरुवात करावी लागते.

महाराष्ट्र सरकारने २०२५ मध्ये ॲनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स आणि गेमिंगसाठी धोरण आणले. मुंबईत याच विषयांची नवी संस्थाही उभी राहिली. तालुक्याच्या ठिकाणी यातले काय येणार? आयटीआयमध्ये हा अभ्यासक्रम येणार का, बार्टीच्या प्रशिक्षणांत याला जागा मिळणार का, मागासवर्गीय वसतिगृहांत चालणारे चार संगणक मिळणार का? हे प्रश्न निवेदनांत लिहून द्यायला हवेत, आणि जयंती समित्यांनीही स्वतःला एक प्रश्न विचारावा. एका रात्रीच्या डीजेच्या भाड्यात एक बरा संगणक येतो. आम्ही डीजे बंद करा म्हणत नाही. पोरांना नाचायचे असते, नाचू द्या. एक वर्ष थोडा कमी आवाजाचा सांगा आणि वाचलेल्या पैशांतून विहाराच्या मागच्या खोलीत एक संगणक ठेवा, एवढेच म्हणतो. आमच्या खोलीतला पहिला संगणक असाच आला. ज्या समितीने दिला तिने त्यावर आपली पाटी लावली आहे, नाव चांगले मोठे आहे, आम्ही काढत नाही.

सध्या त्या संगणकावर 'म' अडकला आहे. धम्मलिपीतला 'म' खाली गोल आणि वर दोन शिंगे असा असतो, त्याची शिंगे नेमकी केव्हा मिटली यावर वर्गाचे एकमत होत नाही. शनिवारी रात्री रेंडर लावून सगळे घरी गेले, मध्येच लाईट गेली आणि फाईल अर्धी राहिली. येत्या रविवारी पुन्हा लावायची आहे. 'गॉड इमेज झिरो वन'वाला पोरगा आता बारावीत आहे. त्याने आपल्या सगळ्या जुन्या फाईली उघडून लेयर्सची नावे मराठीत बदलायला घेतली आहेत.